कोपनहेगनची हत्तीवेस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला आहे. बंदरोबंदरी हिंडताना तो मला अधूनमधून छायाचित्रे पाठवितो. त्यातले एक चित्र मी बेळगावच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला दाखविले. दगडात कोरलेले भव्य हत्ती पाठीवर मनोरा तोलून उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर ठसठशीत स्वस्तिक कोरलेले आहे, असे ते चित्र होते. "हे कोठले असेल, सांगा पाहू?" असे मी विचारले. एकाने वेरूळ म्हटले, दुसऱ्याने हंपी म्हटले. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हे जैनांचे देऊळ असणार."

ते देऊळ नव्हे आणि हिंदुस्थानातलेही नव्हे. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन, तेथील कार्ल्सबर्ग नावाच्या बियरच्या जुन्या कारखान्याची ती वेस आहे, असे मी सांगितले तेव्हा सारा वर्ग हसला. प्रथम मलाही हसूच आले होते. पण त्या वेशीचा इतिहास मी वाचू लागले आणि वाचता वाचता हसू मावळले. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत, परमेश्वराची इच्छा असेल तर, ती वेस मी स्वतः पाहण्यास जाणार आहे.

हा बेत घरी सांगितला तेव्हा सासूबाईंनी कपाळाला आठी घातली. "तिकडे पाहण्यासारखी चर्चे नाहीत का गं?" एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. एका शिक्षिकेने वर्षानुवर्षे साठविलेला पैसा बियरचा कारखाना पाहण्यात घालवावा, हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटणारच. म्हणून प्रारंभीच सांगते की, मद्याची भलावण करण्यास मी येथे बसलेली नाही. मला जे पाहावयाचे आहे ते पेल्यात मिळणारे नाही. ते काय आहे, हे सांगण्यासाठी आधी मला सावंतवाडीच्या एका पावाच्या भट्टीत शिरले पाहिजे.

ती भट्टी माझ्या आजोबांची. त्या काळी आमच्याकडील पोदेर माडाची सूर घालून पीठ फुगवीत असत. आजोबांच्या पावाची चव पंचक्रोशीत नावाजलेली होती. फेस्ताच्या दिवसांत त्यांच्या दारी रांग लागे. परंतु सूर कोणत्या वेळी उतरविलेली घ्यावी, किती घालावी, मळलेले पीठ किती वेळ झाकून ठेवावे, हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. पहाटे पीठ भिजविताना ते आतून कडी लावीत. पोटच्या मुलांनाही त्या वेळी आत मज्जाव होता. मग एके दिवशी ते अकस्मात गेले. माझ्या वडिलांनी दोन वर्षे भट्टी रेटली, पण गिऱ्हाईक म्हणे, "पूर्वीची चव राहिली नाही." अखेर भट्टी बंद पडली आणि वडील नोकरीसाठी बेळगावला आले. आजोबांचे गुपित त्यांच्यासवे मातीत गेले.

सुरेत काय असते? शास्त्रात ज्याला किण्व म्हणतात आणि बेकरीवाले ज्याला यीस्ट म्हणतात, ते. हा एकपेशीय सूक्ष्म जीव आहे. तो साखर खातो आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करतो. त्या वायूने पाव फुगतो. बियर होते तीही याच जिवामुळे. सातूला पाणी दाखवून मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यात भिजवून त्यांतील गोडी उतरवून घ्यावयाची, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तो रस उकळावयाचा आणि निवल्यावर त्यात किण्व सोडावयाचे, ही बियरची कृती होय. यातील सर्व पायऱ्या माणसाच्या हाती असतात. शेवटची मात्र त्या अदृश्य जिवाच्या हाती असते. कार्ल्सबर्गचा इतिहास म्हणजे या शेवटच्या पायरीचा इतिहास आहे.

याकोब क्रिस्टियन याकोबसेन यांचा जन्म १८११ साली कोपनहेगनमध्ये झाला. वडील जटलंडमधून शहरात आलेले आणि स्वकष्टाने लहानशा बियरभट्टीचे धनी झालेले. मुलाने धंद्यात राहून शास्त्राचा नाद धरला. विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची हलते, हा शोध ज्यांनी १८२० साली लावला, त्या ओर्स्टेड यांची व्याख्याने तो ऐकावयास जाई. त्या काळची डॅनिश बियर लवकर नासे आणि एका घाण्याची चव दुसऱ्यास नसे. बव्हेरियात मात्र निराळ्या जातीचे किण्व वापरीत. ते भांड्याच्या तळाशी बसून थंडीत सावकाश काम करी आणि ती बियर तळघरात महिनोन् महिने टिके. याकोबसेन यांना ते किण्व हवे होते.

१८४५ साली ते म्युनिकला गेले. आपल्याकडील तरंगंबाडी व श्रीरामपूर या वसाहती डेन्मार्कने इंग्रजांस विकल्या, तेच हे वर्ष. म्युनिक येथे स्पाटेन कारखान्याचे मालक गाब्रिएल झेडलमायर यांनी त्यांस किण्व दिले. सुमारे हजार किलोमीटरांचा परतीचा प्रवास टपालगाडीचा. उष्म्याने किण्व मरते. म्हणून टोपीच्या पेटीत ठेवलेल्या त्या दोन भांड्यांवर याकोबसेन प्रत्येक थांब्यावर उतरून गार पाणी ओतीत, असे सांगतात. किण्व जिवंत पोहोचले. कोपनहेगनच्या तटबंदीखालील तळघरांत ही नवी बियर मुरू लागली आणि १८४७ साली शहराबाहेर वाल्बी येथील टेकडीवर त्यांनी नवा कारखाना उभारला. डॅनिश भाषेत टेकडीला 'बियेर्ग' म्हणतात, आणि त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाचे नाव कार्ल. त्या दोहोंवरून कारखान्याचे नाव पडले कार्ल्सबर्ग.

येथवरची कथा एखाद्या यशस्वी व्यापाऱ्याची म्हणता येईल. तिला निराळे वळण लागले ते १८७५ साली. त्या वर्षी याकोबसेन यांनी कारखान्यास जोडून प्रयोगशाळा काढली आणि १८७६ साली तिच्यासाठी व एकंदर विज्ञानासाठी एक प्रतिष्ठान स्थापून त्याची सूत्रे डेन्मार्कच्या शास्त्रपरिषदेकडे सोपविली. प्रयोगशाळेच्या नियमांत त्यांनी एक कलम घातले. येथे जे महत्त्वाचे निष्कर्ष निघतील, मग ते तात्त्विक असोत वा व्यावहारिक, त्यांतील काहीही गुप्त ठेवावयाचे नाही, असा त्याचा आशय आहे. स्वतःच्या पैशाने शोध लावून घ्यावयाचे आणि ते प्रतिस्पर्ध्यासही वाचावयास द्यावयाचे! आतून कडी लावून पीठ भिजविणाऱ्या आजोबांची नात मी. हे कलम वाचून काही वेळ पुस्तक मिटून बसले.

या कलमाची कसोटी पाहणारा प्रसंग १८८३ साली आला. कारखान्यातली बियर बिघडू लागली. तिला वाईट चव व वास येऊ लागला. प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन नावाचे शास्त्रज्ञ होते. गरीब घरातला हा माणूस तारुण्यात घरे रंगविण्याचे काम करून शिकलेला. बियर नासते ती जंतूंमुळे, असे पाश्चर यांनी दाखविले होते. हान्सेन यांना सूक्ष्मदर्शकाखाली निराळेच आढळले. चांगल्या किण्वात रानटी जातींची किण्वे मिसळली होती आणि बिघाड त्यांचा होता. भातात खडे मिसळावेत तशी ही गत. पण खडा डोळ्यांना दिसतो. किण्वाची पेशी दिसत नाही, मग निवडावयाची कशी? हान्सेन यांनी किण्वाचे द्रावण पाण्याने पातळ करीत करीत अशा अवस्थेस नेले की, एकेका थेंबात जेमतेम एखादी पेशी यावी. अशा एकेकट्या पेशीपासून त्यांनी स्वतंत्र वंश वाढविले आणि त्यांतला उत्तम तो निवडला. याकोबसेन यांना प्रथम विश्वास वाटेना. पण १२ नोव्हेंबर १८८३ रोजी त्या शुद्ध किण्वावर कारखान्यात पहिला घाणा घेतला गेला आणि शंका उरली नाही.

आता हे गुपित कुलपात ठेवले असते तर कार्ल्सबर्गला प्रतिस्पर्धीच उरला नसता. याकोबसेन यांनी तसे केले नाही. पद्धती छापून प्रसिद्ध झाली आणि ज्या कारखान्यांनी किण्व मागितले त्यांस ते देण्यात आले. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्याच्या दारी जाऊन किण्व मागून आणले होते, आणि ते त्यांस मिळाले होते. आज जगात जी बहुतेक बियर होते ती याच तळाशी बसणाऱ्या किण्वाच्या कुळातील वंशांवर होते.

त्या एका प्रयोगशाळेतून आणखी काय बाहेर पडले ते पाहा. त्याच १८८३ साली तेथील योहान केल्डाल यांनी पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्यांना सातूतील प्रथिने मोजावयाची होती. आज धान्यातील आणि दुधातील प्रथिनांची परीक्षा केल्डालच्या नावाने होते. पुढे १९०९ साली तेथीलच सोरेन्सेन यांनी आम्लता मोजण्याचे पीएच हे माप सुचविले. माझ्या वर्गात वीस वर्षे मी हे माप शिकवीत आले. शून्य ते चौदा, मध्ये सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी. लिंबाच्या रसात कागदाची पट्टी बुडविली की ती तांबडी होते, तेव्हा मुलांचे चेहरे खुलतात. ते माप एका बियरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्मले, हे वीस वर्षांत मला ठाऊक नव्हते, आणि मुलांना सांगावयाचे राहून गेले.

परंतु श्रोतेहो, मी आपणांस संतचरित्र सांगत नाही. साऱ्या जगाला आपले ज्ञान मोकळे करणारा हा मनुष्य स्वतःच्या मुलापुढे मात्र मूठ आवळून बसला होता. कार्ल मोठा झाला. वडिलांनी त्यास कारखान्याचा नवा भाग खंडाने चालवावयास दिला. वडिलांचे म्हणणे, बियर पुरेशी मुरू द्यावी, माल थोडा निघाला तरी चालेल. मुलाचे म्हणणे, मागणी आहे तर मुरण्याची मुदत कमी करून माल वाढवावा. वाद विकोपास गेला. १८८२ साली कार्लने शेजारीच स्वतंत्र कारखाना थाटला आणि त्याला नाव दिले नवे कार्ल्सबर्ग. वडिलांनी मृत्युपत्र बदलून आपला कारखाना मुलाऐवजी प्रतिष्ठानास दिला. दोन कारखान्यांमधून जाणाऱ्या एका रस्त्याच्या नावावरूनही तंटा झाला. वडील त्यास 'अलियान्स' म्हणजे सख्याचा रस्ता म्हणत, मुलगा त्यास पाश्चरचे नाव देई, आणि दोघे एकमेकांहून मोठमोठ्या पाट्या लावीत. सख्याच्या नावावरून भांडण! आमच्या सीमाभागात पाट्यांचे तंटे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. पण बाप-लेकांचा असा तंटा विरळाच.

समेट झाला तो १८८६ साली. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १८८७ रोजी, याकोबसेन रोम शहरी मरण पावले. आणखी एक वर्ष भांडण चालले असते तर समेटाला माणूस उरला नसता.

आता हत्तीवेशीकडे येऊ. ती उभारली कार्लने, १९०१ साली. वास्तुकार विल्हेल्म दालेरूप. बॉर्नहोल्म बेटावरील ग्रॅनाइटचे चार हत्ती तिला आधार देतात आणि त्यांवर कार्लच्या चार मुलांची आद्याक्षरे आहेत. हत्तीची कल्पना सुचली ती रोममधील एका चौकात बेर्निनीने पाठीवर स्तंभ घेऊन उभ्या केलेल्या हत्तीवरून. स्वस्तिक हे कार्लने शुभचिन्ह म्हणून आपल्या मालावर घेतले होते. पुढे जर्मनीत त्या चिन्हाची विटंबना झाली, १९४० साली जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या, आणि त्याच वर्षी कारखान्याने त्याचा वापर सोडला. वेशीवरचे कोरीव स्वस्तिक मात्र तसेच राहिले. वर्गातल्या मुलांना ते आपले वाटले, यात नवल नाही.

वेस उभी राहिल्यावर एका वर्षाने, १९०२ साली, कार्लने आपला कारखानाही वडिलांच्याच प्रतिष्ठानास देऊन टाकला. १९०६ पासून दोन्ही कारखाने एक झाले. बापाने जे मुलाला दिले नाही, ते मुलाने आपण होऊन बापाच्या कार्याला दिले. माझ्या मते हत्तीवेशीपाशी उभे राहून आठवावयाचे ते हेच.

आता माझ्या बेताविषयी. स्थळ पाहावयाचे तर आधी त्याची वही करावी, अशी माझी जुनी सवय आहे. पहिल्या पानावर मी ठळक लिहून ठेवले आहे की, तेथे आता मोठ्या प्रमाणावर बियर होत नाही. २००८ च्या अखेरीस तो कारभार जटलंडमधील फ्रेडेरिसिया येथे गेला आणि टेकडीवर नवी वस्ती उठली. तेव्हा धुराडी आणि उकळत्या कढया पाहू म्हणून जाणाऱ्याची निराशा होईल. जुन्या इमारती, तळघरे आणि घोड्यांचे तबेले मात्र राखलेले आहेत. पाहुण्यांसाठीचे दालन काही वर्षे बंद होते, ते २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा उघडले. २०१६ पासून कार्ल्सबर्ग याच नावाचे रेल्वे स्थानक झाले असून शहराच्या मुख्य स्थानकापासून ते थोड्या मिनिटांवर आहे.

पहिल्या दिवशी मी टेकडीवर जाणारच नाही. शहरात कार्लने शिल्पांचे जे संग्रहालय बांधले, ते ग्लिप्टोथेक, पाहीन. ते १८९७ साली उघडले. दुपारी बंदरावरची जलपरीची मूर्ती. हान्स अँडरसनच्या कथेतील ही परी १९१३ साली कार्लनेच शहरास दिली. मूर्ती जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. तीही पाहून अनेकांची निराशा होते म्हणतात. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे फ्रेडरिक्सबोर्गचा राजवाडा. १८५९ च्या आगीत तो जळाला होता. याकोबसेन यांनी पैसा ओतून तेथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय उभे केले. म्हणजे दोन दिवसांत बाप-लेकांनी काय दिले ते पाहून होईल. मगच तिसऱ्या दिवशी, ते जेथून दिले त्या टेकडीवर.

तेथे प्रथम हत्तीवेस. मग पाश्चरच्या नावाचा रस्ता. अखेरीस तेच नाव टिकले आहे. त्यानंतर याकोबसेन यांचे राहते घर बाहेरून. विद्या वा कला यांत थोर ठरलेल्या व्यक्तीस ते हयातभर राहावयास द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. अणुशास्त्रज्ञ नील्स बोर १९३२ पासून १९६२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच घरात राहत होते. शेवटी तळघरे. त्या अक्षांशावर मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. दालनात पाहुण्यांपुढे पेला येतो असे कळते. मी बहुधा पाणी मागेन. सासूबाई आता निश्चिंत होतील.

हा सारा वृत्तान्त एका संध्याकाळी मी वडिलांना वाचून दाखविला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. भट्टी बंद झाल्यापासून त्यांनी घरात तिचे नाव कधी काढले नव्हते. पावाचा विषय निघाला की ते उठून अंगणात जात. त्या दिवशी ते उठले नाहीत. शुद्ध किण्व मागेल त्याला दिले, इथवर आले तेव्हा त्यांनी मला थांबविले.

"खरंच देऊन टाकलं? शेजारच्यालासुद्धा?"

"हो, बाबा. मागेल त्याला."

ते बराच वेळ गप्प होते. मग हळू आवाजात म्हणाले, "सूर सकाळची असायची. संध्याकाळची नाही. एवढं मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "पिठावर ओलं फडकं असायचं. ते दोनदा बदलायचे."

मी कोपनहेगनची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहू लागले. बाबा सांगत होते.